पाण्याखालचा बांध

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार, सकाळी साडेआठ. जागा: भोर तालुक्यात धरणाच्या काठी, पाणी ओसरून उघडा पडलेला गाळ. हजर: माझी चुलती, म्हणजे काकू. तिच्या शेजारच्या वाट्याचे आबा, वय पंच्याहत्तरच्या पुढे. आबांचा मुलगा, ट्रॅक्टरसह. वेल्ह्याहून आलेले माझे मामा, मध्यस्थ म्हणून. आणि मी, लिहून घ्यायला. म्हैस हजर नव्हती, पण विषय तिचाच होता.

हजेरीपासून सुरुवात करायची सवय मला नोकरीनं लावली. भोरमध्ये एका कार्यालयात मी आवक-जावक सांभाळते. माहेरी काही ठरवायचं असलं की मला बोलावतात, कारण मी कुणाची बाजू घेत नाही असा माझ्याबद्दल समज आहे. खरं म्हणजे लिहिताना मान खाली असते, त्यामुळे मी कुणाच्या बाजूची आहे ते दिसत नाही.

जागेबद्दल थोडं सांगायला हवं. धरण बांधलं तेव्हा आमचं जुनं गाव आणि त्याची शेतं पाण्याखाली गेली. ही माझ्या पणजोबांच्या वेळची गोष्ट. गाव डोंगराच्या अंगाला वर सरकलं आणि बुडालेली जमीन कागदावर सरकारची झाली. पण धरणाचं पाणी वर्षभर एका पातळीला राहत नाही. दिवाळीनंतर ते उतरायला लागतं आणि शिमगा जवळ आला की काठचा गाळ उघडा पडतो. त्या गाळात पेरायला मिळतं. ओल असते, खत घालावं लागत नाही, आणि पावसाळ्यात धरण पुन्हा भरेपर्यंत एक पीक हाती लागतं. त्यात कुणी कुठं पेरायचं हे कागद सांगत नाही, गाव सांगतं. ज्याचं शेत जिथं बुडालं, त्यानं तिथं पेरायचं.

अडचण एवढीच की ती शेतं डोळ्यांनी बघितलेला माणूस आता कुणी उरलेला नाही. त्यासाठी आमच्याकडं एक रीत आहे. पाणी उतरलं की त्या त्या घरातलं सगळ्यांत वडीलधारं माणूस अनवाणी गाळात उतरतं आणि टाचेनं रेघ ओढत बांध दाखवतं. बाकीच्यांनी मागून चालायचं. दाखवणं चालू असताना बोलायचं नाही, कारण बोललं की अंदाज चुकतो. रेघ पुरी झाली की ती त्या वर्षापुरती पक्की. पावसाळ्यात पाणी चढतं, रेघ पुसली जाते, पुढच्या वर्षी पुन्हा दाखवायची. पाण्याखाली गेलेल्या बांधावरून आमच्याकडं वर्षानुवर्षं जेवढी भांडणं झाली आहेत तेवढी उघड्यावरच्या बांधांवरून झालेली नाहीत.

काकूचा आणि आबांचा वाटा शेजारी शेजारी आहे. मधला एक पट्टा काकू म्हणायची तिचा आणि आबा म्हणायचे त्यांचा. काका होते तोवर हा वाद कधी उघड झाला नाही. काकूचा खालच्या अंगाचा वाटा मोठा, त्यात तिचं भागायचं, आणि पट्टा आबांकडं राहायचा. या वर्षी पाणी फार सावकाश उतरत होतं. काकूचा खालचा वाटा अजून पाण्यातच होता आणि उन्हाळा भरात येईपर्यंत तो उघडा पडेल असं दिसत नव्हतं. उघडा होता तो फक्त मधला पट्टा. तिथं आत्ता कडवळ पेरलं तर एप्रिलच्या शेवटी म्हशीला हिरवा चारा मिळणार होता. नाही पेरलं तर वैरण विकत आणायची, आणि ते काकूला झेपणारं नव्हतं. किकवीचा एक व्यापारी म्हैस बघून गेला होता. बुधवारी तो न्यायलाच येणार होता.

आदल्या दिवशी काकूनं मला फोनवर हे सगळं सांगितलं.

"इकली तर इकली," ती म्हणाली. "मग पहाटं उठून म्या करायचं काय, तेवढं तू सांग. कागदावर लिवून दे, म्हंजी म्या भितीला लावते."

मी काही लिहून दिलं नाही. पण रविवार मोकळा ठेवला आणि मामांना फोन केला.

मामांना बोलवायचं कारण ते वेल्ह्याचे. त्यांच्याकडं धरण आहे, गाळ आहे, पाण्यातून वर येणारे बांध आहेत, त्यामुळे विषय समजावून सांगावा लागत नाही. शिवाय आमच्या खोऱ्यातल्या कुणाशीच त्यांचं वाकडं नाही. ते पहाटे निघून आले आणि आल्याआल्या म्हणाले, "तुमचा गाळ आमच्यापेक्षा पातळ दिसतोय." आबांनी ते मनावर घेतलं.

"च्या घेऊ आधी," मामा म्हणाले.

"आधी बांध," आबा म्हणाले.

"मग आधी च्याच," काकू म्हणाली. "बांध झाल्यावर तुमी माज्या हातचा पिताय का न्हाई, कुणाला ठावं, भावजी."

काकू आबांपेक्षा वयानं लहान आहे, पण नात्यानं मोठी. ती त्यांना भावजी म्हणते आणि ते तिला वैनी. दोघं एकमेकांशी फार मानानं भांडतात.

चहा झाला. आबांनी चपला काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि गाळात उतरले. वरच्या कडेपासून खाली पाण्यापर्यंत मातीचा एक लांबट उंचवटा गेला आहे. गाळ सगळीकडं सपाट असताना तेवढाच जरा फुगलेला. आबा त्याच्यावरून सरळ चालत गेले. टाच उठत होती, रेघ पडत होती, आम्ही मागून गप चाललो होतो. पाण्याशी पोचल्यावर ते वळले.

"ह्यो बांध. आमच्या आज्यानं माज्या बाला दावला, बानं मला दावला."

त्या हिशेबानं पट्टा सगळा आबांचा.

मग काकू उतरली. तिनं आबांच्या बाजूला असलेला एक मोठा काळा दगड दाखवला. "माज्या सासूनं मला ह्यो दगड दावला. हितनं सरळ वर आमचं." त्या हिशेबानं पट्टा सगळा काकूचा.

मी दोन्ही लिहून घेतलं. दोघांच्याही आवाजात शंकेला जागा नव्हती. मला त्याचं नवल वाटलं नाही. किकवीला एसटीतून उतरताना आम्ही अजून कंडक्टरला 'वडाखाली' असं सांगतो. वड रस्ता रुंद झाला तेव्हाच गेला. कंडक्टर नवीन असला तरी बरोबर तिथंच गाडी थांबवतो, आणि तिथं उभी असलेली माणसं अजूनही सावलीत उभी राहिल्यासारखी एकमेकांना चिकटून उभी असतात. आमच्या कार्यालयात अर्ज द्यायची रांग डावीकडच्या भिंतीशी लागते. पूर्वी तिथं खिडकी होती. ती बुजवून उजवीकडं नवी केली. तरी लोक डावीकडून येतात, भिंतीपाशी उभे राहतात आणि मग उजवीकडं सरकतात. मी स्वतः गेल्या महिन्यात एका नवीन आलेल्या गृहस्थांना 'रांग इकडून आहे' म्हणून डावीकडं पाठवलं. का, ते मला सांगता आलं नसतं.

आणि आमच्या घरातलं उदाहरण द्यायचं तर, लहानपणी वडील मला काठावर उभं करून पाण्याकडं बोट दाखवायचे आणि म्हणायचे, ते तिथं आपलं दार. त्यांनी ते दार कधी पाहिलं नव्हतं. एका वर्षी पाणी फारच खाली गेलं आणि जुन्या गावाची जोती वर आली, तेव्हा वडील मला घेऊन खाली गेले. ते दाखवायचे त्या जागी दगडी डोण होती, गुरांना पाणी पाजायची. वडिलांनी ती सगळ्या बाजूंनी बघितली आणि म्हणाले, "म्हंजी दार ह्याच्या शेजारी असणार." पुढच्या वर्षापासून ते डोणीच्या शेजारी बोट दाखवायला लागले. पाणी तोवर परत चढलं होतं.

तर दोन्ही लिहून झाल्यावर मामा म्हणाले, "असं बोलण्यात दिवस जायचा. आबांच्या बांधावरनं नांगराचं एक तास मारा ट्रॅक्टरनं, म्हंजी तो नेमका कुठनं कुठं जातोय ते तरी सगळ्यांना दिसंल."

आबांच्या मुलानं ट्रॅक्टर उंचवट्यावर घेतला. थोडं अंतर गेला आणि फाळ कशावर तरी खाडकन आपटला. तो उतरला, फावड्यानं माती ओढली, आणि तसाच बघत राहिला. आम्ही जवळ गेलो. आज्यानं दाखवलेल्या बांधाच्या पोटात सिमेंटचा पाइप होता. फुटका, पण पाइपच.

मामा खाली वाकले, बोटानं पाइप वाजवला आणि म्हणाले, "आबा, तुमच्या आज्याच्या वक्ताला सिमेंटचा पाइप हुता? लई पुढारलेलं गाव म्हणायचं."

आबांचा चेहरा मात्र उजळला होता. जुना ओळखीचा माणूस भेटावा तसे ते पाइपाकडं बघत होते.

"आरं, ह्यो आपला पाइप," ते म्हणाले. "म्या वाहिलाय खांद्यावरनं. आमी चार-पाच जणांनी मिळून डिझेलचं इंजान आणलं हुतं, हितं पाण्याच्या कडंला बसवलं आन पाणी पार वरच्या शेतापतुर नेलं. वरली ऊस लावायच्या गोष्टी करत हुती. दोन साल चाललं, मग इंजान बसलं. पाइप उकरून ज्याचा त्यानं नेला. एखादा फुटका ऱ्हायला आसंल. ह्यो समदा चर म्या खणलाय, माज्या हातानं."

"आन आज्यानं काय खणलं?" काकूनं विचारलं.

आबांनी पाइपाकडं बघितलं, उंचवट्याकडं बघितलं. चर खणला की माती एका अंगाला पडते, आणि पाइप काढून घेतला तरी ती माती तिथंच राहते, एवढं आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्यांनाही कळलं. पण ते खोटं बोलत नव्हते, हेही मला दिसत होतं. ते आठवत होते.

"बा मला हितनंच घेऊन यायचा," ते म्हणाले. "ह्याच्यावरनंच. म्हणायचा, ह्यो बांध."

"पाइप टाकायच्या आधी का नंतर?" मामांनी विचारलं.

आबांनी उंचवट्यावर पाय ठेवून बघितला.

"नंतर," ते म्हणाले. "आधी दावायला काय नव्हतंच की हितं. समदा गाळच."

आबांच्या मुलानं ट्रॅक्टर बंद केला. पाण्याच्या कडेला बगळे होते, ते उलट आवाज थांबल्यावर उडाले.

काकूनं पदर खोचला. "झालं मग. माजा दगड."

"दगडाकडं पण जाऊ की, ताई," मामा म्हणाले.

आम्ही सगळे काळ्या दगडाकडं गेलो. वरून सपाट, एका कडेनं गुळगुळीत. आबांच्या मुलानं त्याच्यावर हात फिरवला.

"काकी, ह्यो तर धुण्याचा दगूड."

"व्हय. सासूबाई ह्याच्यावरच धुवायच्या. म्यापण धुतलंय, नळ यायच्या आदी."

"धुणं पाण्याच्या कडंला धुवायचा?" मामांनी विचारलं.

"मग काय डोंगरावर धुवायचं?"

"आन पाणी तर खालीवर हुतं."

"हुतं की."

"मग पाणी खाली गेलं की दगडाचं काय करायचा?"

काकूनं दगडाची गुळगुळीत कड चाचपली. मला उत्तर तिच्या आधी कळलं, आणि मी पेन उचललं नाही.

"ढकलत न्यायचो," ती म्हणाली. "दोघी-तिघी मिळून. पहार लावून."

"कुठल्या कुठं?"

"पाणी आसंल तिथं." मग वरच्या कडेकडं बघून, "सासूबाईंनी दावला तवा ह्यो हितं नव्हताच. लई वर हुता आन बाजूला, त्या करंजाच्या झाडाकडं."

कुणी हसलं नाही. आबासुद्धा हसले नाहीत, आणि त्यांचा तो हक्क होता. बुडालेल्या शेतांचा बांध म्हणून आमच्याकडं जे पिढ्यान्‌पिढ्या पक्कं माहीत होतं, त्यातलं अर्धं आबांनी तरुणपणी स्वतः खणलेलं होतं आणि अर्धं काकूनं पहारीनं सरकवलेलं. धरणाआधीचं त्यात काहीच नव्हतं. मी कागदावर लिहिलं: बांध माहीत नाही.

"काय लिवलं?" आबांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"आसं लिवू नगं, पोरी." माझं वय बावन्न आहे. "गावाला कळलं तर काय म्हनतील?"

"मग काय लिहू?"

"जागा सोड."

मी ओळ खोडली आणि जागा सोडली.

आबांचा मुलगा म्हणाला, सरकारी मोजणी मागवू. मामांनी त्याला समजावलं की मोजणीवाले येईपर्यंत पाऊस येईल, आणि मग ते होडीतून काय मोजणार. ऊन वाढत होतं. वरचा गाळ सुकून त्याला भेगा पडायला लागल्या होत्या आणि पेरणीला ओल हवी असते. काकूनं कप गोळा करून पिशवीत भरायला सुरुवात केली.

"जाते म्या," ती म्हणाली. "बुधवारी त्याला सांगते, दाव्यासकट ने. दावं ठिवून तरी करू काय." हे ती कुणाला ऐकवण्यासाठी म्हणाली नाही. कप मोजत असताना म्हणाली, आणि एक कप कमी होता म्हणून परत मोजले. तो मामांच्या हातात होता.

"थांबा, वैनी," आबा म्हणाले. "म्या अजून दावलं न्हाई."

"मगाशी दावलं की."

"तो पाइप दावला. बांध कुठं दावला?"

त्यांनी पुन्हा चपला काढल्या. वरच्या कडेला गेले, उंचवट्याच्या टोकाशीच उभे राहिले, आणि टाच रोवून निघाले. आम्ही मागून. सुरुवातीला रेघ उंचवट्याच्या बरोबरीनं गेली. मग हळूहळू सुटायला लागली. आबांचा एक गुडघा गेलेला आहे, गाळात तो पाय नीट उचलत नाही, त्यामुळे अंग एका बाजूला कलतं. ते कलत होते ते स्वतःच्या वाट्याकडं. दर पावलाला रेघ त्यांच्याच जमिनीत थोडी आत शिरत होती. आबांच्या मुलाला ते दिसलं. त्यानं तोंड उघडलं, पण मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दाखवणं चालू असताना बोलायचं नाही. एवढी एक गोष्ट तिथं सगळ्यांना एकसारखी माहीत होती.

पाण्याशी पोचेपर्यंत रेघ उंचवट्यापासून बरीच लांब गेली होती आणि काळ्या दगडापर्यंत आली नव्हती. पट्ट्यातला जवळजवळ निम्मा भाग काकूकडं पडला. आबांनी पाण्यात पाय खंगाळले.

"ह्यो आमचा बांध," ते म्हणाले.

काकूनं रेघेकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "भावजी, गुडगा लई दुकतोय का?"

"लई."

"मग बराबर हाय."

मी सोडलेल्या जागेत तेच लिहिलं: बांध आबांनी दाखवला, दोन्ही बाजूंना मान्य. आबांच्या मुलानं जास्त काही न बोलता काकूचा भागही नांगरून दिला, फक्त नेहमीपेक्षा जोरात. दुपारपर्यंत काकूनं कडवळ फोकून पेरलं. मामा जाताना आबांना म्हणाले, "तुमचा गाळ तसा बराय." व्यापाऱ्याला काकूनं संध्याकाळीच फोन करून नको म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं तर तिनं सांगितलं, मला पहाटं काम असतं.

एप्रिलच्या शेवटी मी गेले तेव्हा कडवळ कमरेच्या वर होतं आणि काकू कापत होती. पलीकडं आबांचा मुलगा भोंगवलीहून आलेल्या एका माणसाला जमीन दाखवत होता. त्या माणसानं विचारलं, बांध असा तिरका कसा? "तिरकाच हाय आमच्यात," तो म्हणाला. "धरणाच्या आदीपासनं." काकू विळा चालवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "व्हय, तिरकाच." मी त्या दिवशी लिहून घ्यायला गेले नव्हते, म्हणून काही बोलले नाही.

त्या रविवारी एक काम माझ्या नावावर पडलं होतं. रेघेवर तीन मोठे दगड टाकायचे, वरच्या टोकाला, मध्ये आणि पाण्याशी, म्हणजे पुढच्या वर्षी आबांच्या गुडघ्यावर अवलंबून राहायला नको. आबा म्हणाले होते, "दगूड कशाला? दावलंय की." तरी मी यादीत घेतलं. उत्रोलीच्या टेम्पोवाल्याशी बोलले. तो म्हणाला, ओल्या गाळात गाडी रुतेल, सुकू द्या. गाळ सुकला तेव्हा कडवळ उभं होतं आणि काकू टेम्पो आत येऊ देईना. कडवळाची शेवटची कापणी झाली तेव्हा टेम्पोवाला लग्नाच्या भाड्यात अडकला होता. आता जून लागला आहे. परवा काकूचा फोन आला, पाणी चढायला लागलंय आणि खालचं टोक गेलं. वरचं अजून कोरडं आहे. टेम्पो ठरलेला नाही. दगड टाकायचे राहिले आहेत.